झोळीला दोर किती लागतो

"भावाला कोण धरील?" तिनं विचारलं. नऊ-दहा वर्षांची असेल. कमरेवर आठ महिन्यांचं पोर, मागे परकराला धरून उभी असलेली दुसरी एक धाकटी. मी तिला सांगायला गेले होते की उद्यापासून शाळेत चल, पाटी-दप्तर आम्ही देऊ. माझ्या पिशवीत खरोखरच नव्या पाट्या होत्या, रंगीत खडू होते, अक्षरांचा तक्ता होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पिशवीत नव्हतं.

मी शिरूरची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मुलामुलींच्या एका गटात गेले. सगळ्या जातीधर्मांच्या मुलांनी एकत्र यावं आणि ज्यांची शाळा सुटते त्यांना परत शाळेत न्यावं, एवढंच त्या गटाचं काम. दिवाळीनंतर न्हावरे मार्गे एसटीनं निघायचं, भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका. पारगावच्या बाजूला दोन्हीकडे ऊस, मध्ये गुऱ्हाळांचा धूर, आणि मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. मी हे सगळं लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. खाली उतरून कधी गेले नव्हते.

पहिल्या दिवशी आमच्या गटाच्या ताईंनी टोळीच्या मुकादमाला विचारलं, "यंदा कोयते किती?" मला वाटलं, हत्यारं मोजताहेत. मग कळलं, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि ती हंगामभर फेडायची ती जोडीनं. मुकादमानं सांगितलं, चौदा कोयते. मग मुलं किती? ते त्यानं मोजलं नव्हतं. त्या हिशेबात मुलांना जागाच नव्हती. ताईंनी कोप्या-कोप्यांतून फिरून मोजली तेव्हा सहा ते चौदा वयाची एकोणीस निघाली, आणि त्याहून लहान अकरा.

ही अकरा लहानगीच खरी अडचण होती, हे समजायला मला दोन आठवडे लागले. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. मोळ्या बांधून, गाडी भरून परत यायला कधी रात्र होते. तोवर लहानांना मोठ्या बहिणीच सांभाळतात. म्हणजे बहीण शाळेत जावी तर आधी भावाची सोय हवी. ताई म्हणाल्या, "शेतकऱ्यानं पत्र्याचं शेड दिलंय. तिथं झोळ्या बांधा." दौंडच्या बाजारातून सुताचा दोर आणला. एका झोळीला किती दोर लागतो, गाठ कुठे मारायची, हे मला तिनंच दाखवलं, त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी तिनं वाशाला अशी टांगली की पोर हललं तरी कलंडणार नाही. आम्ही सातजणींनी वार वाटून घेतले. शिकवायचं ठरवून गेलेली मी त्या हंगामातल्या निम्म्या सकाळी मुलांना दूधभात भरवण्यात घालवल्या. सुरुवातीला मला ते खालच्या दर्जाचं काम वाटलं. आता वाटत नाही. त्या झोळ्यांशिवाय एकही मोठी मुलगी शाळेच्या वाटेला लागली नसती.

भाषेची गोष्ट अजून मनाला लागून आहे. या तळावरची बरीच कुटुंबं चाळीसगावकडच्या तांड्यांवरून आलेली, घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारी. मी तक्ता लावला, भाकरीच्या चित्रावर बोट ठेवलं. एक सहा वर्षांचा मुलगा मोठ्यानं म्हणाला, "बाटी!" मी म्हटलं, "नाही, भाकरी." तो त्या दिवशी पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, याला येत नाही. खरं तर त्यालाच येत होतं. त्याच्या घरात तव्यावर भाजली जाते ती बाटीच. ताईंनी मला काही सुनावलं नाही, फक्त पाटीवर देवनागरीत मोठ्या अक्षरांत "बाटी" लिहिलं, खाली "याडी" लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं. याडी म्हणजे आई. त्यानं दोन्ही शब्द वाचले. भाकरी आणि आई हे शब्द त्यानंतर आठवड्याभरात आले.

शाळेत नाव घालायला गेलो तेव्हा दाखला मागितला गेला. गुरुजी वाईट नव्हते. गावाकडच्या शाळेत नाव आहे, इथं घातलं तर दुबार दिसेल, हीच त्यांची काळजी. मी लगेच मागे फिरायला निघाले होते. ताईंनी पिशवीतून कायद्याची प्रत काढली. शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि मूल वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवायचं, हे सगळं त्यात स्पष्ट आहे. मी बी.ए.ला राज्यशास्त्र शिकत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. पोरांची नावं पटावर चढली. दुपारी त्यांच्या ताटात खिचडी पडली तेव्हा मी व्हरांड्यात उभी होते.

दर रविवारी शिरूरला आमची बैठक व्हायची. एका रविवारी, आपल्याला पहिल्यांदा वेगळं कधी वाटलं, हे प्रत्येकानं सांगायचं होतं. रांजणगावच्या एमआयडीसीत बाप कामाला असलेला बिहारचा मुलगा आपल्या हिंदीबद्दल बोलला. मग फासेपारधी समाजातला एक मुलगा म्हणाला, "वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की सगळे आधी माझ्याकडे बघायचे." इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं कित्येक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ला त्यातून मुक्ती मिळाली, म्हणून तो विमुक्त दिन. तारीख मी पाठ केली होती. पण पाचवीत असताना आमच्याही वर्गात एक पारधी मुलगा होता, आणि माझी कंपासपेटी सापडेना तेव्हा मीही त्याच्याकडेच पाहिलं होतं. पेटी घरी सापडली. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. का आला नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्या रविवारी हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

त्याच मुलाकडून मला जातीच्या दाखल्याचं कळलं. त्याच्यासारख्या अनुसूचित जमातीच्या माणसाला १९५०च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजोबा पालातून पालात राहिला आणि शाळेची पायरी चढला नाही, त्यानं हा कागद आणायचा कुठून? आमच्या गटातले दोघं अजून त्या मुलाबरोबर कचेरीत खेपा घालतात.

जानेवारीत ताई आम्हाला केडगावला घेऊन गेल्या. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. मी त्या रस्त्यानं पन्नास वेळा गेले असेन, आत पहिल्यांदाच गेले. रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले, त्या स्वतः भावाबरोबर पायी देशभर भटकल्या. म्हणूनच १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं, १९००च्या दुष्काळात गुजरातेतल्याही आणल्या. हिंदी बोलणाऱ्या, गुजराती बोलणाऱ्या, नाना जातींच्या मुली एका आवारात. त्या काळी तिथं छापखाना होता आणि खिळे जुळवायचं काम मुली करत होत्या. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. माझ्या तळावर एकच अनोळखी भाषा, तर मी गोंधळले होते. आपल्या शिरूर तालुक्यातही, वढू बुद्रुकला, सिस्टर लुसी कुरियन यांनी १९९७मध्ये 'माहेर' सुरू केलं. तिथंही जातधर्म न पाहता निराधार बायका-मुलांना आसरा मिळतो. शिरूर आणि दौंड म्हणजे फक्त ऊस आणि एमआयडीसी, असं मी समजत आले होते.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. गुरुजींनी स्वतःहून सगळ्यांना शिक्षण हमी कार्डं भरून दिली, म्हणजे गावाकडच्या शाळेत वर्ग पुढे चालू राहावा. ती मुलगी कार्ड घेऊन कोपीत गेली. तिच्या आईनं पत्र्याची पेटी उघडली, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते नीट ठेवलं, आणि मला म्हणाली, "झोळीचा दोर तुझा हाय, सोडून घे पोरी." मी म्हटलं, राहू द्या, वाटेत लागेल.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा तिनं हात हलवला नाही. दोन्ही हातांत भाऊ होता.

या दिवाळीला पुन्हा पारगावला जायचंय. मुकादमाला काल फोन केला. यंदा सोळा कोयते येताहेत. ती त्यात आहे का, त्याला सांगता आलं नाही. आज बाजारातून चार झोळ्यांचा दोर आणलाय.