कठडा नसलेली वाट

आषाढ सरता सरता, दुपार कलल्यावर, अंबडच्या आकाशात ऊन आणि सर यांचा लपंडाव सुरू होतो. सूर्य पश्चिमेस उतरलेला असतो, पूर्वेकडे पावसाचा पडदा लोंबत असतो, आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांवर क्षणभर इंद्रधनुष्याची कमान उभी राहते. पहिली पाळी संपवून घरी परतणारे कामगार मान वर करून तिच्याकडे पाहतात व पुढे जातात. तिच्यावरून चालत जावे, असे त्या वेळी कोणाच्या मनात येत असेल, तर ते लहान मुलांच्याच.

जपानातील क्योटो शहरी मात्र ते काही प्रौढ माणसांच्याही मनात आले. तेथे निंटेंडो नावाची एक जुनी कंपनी आहे. १८८९ साली तिचा आरंभ झाला तो पत्त्यांचे जोड तयार करण्यासाठी. पुढे शतकभराने पडद्यावरचे खेळ करण्यात तिने मोठे नाव मिळविले. १९९२ साली तिने ‘सुपर मारिओ कार्ट’ हा लहानशा उघड्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ काढला. त्यात वीस मार्ग होते. कोठे समुद्रकिनारा, कोठे चिखल, कोठे भुतांचे घर. सर्वांत शेवटचा मार्ग अंतराळात तरंगणारा होता. त्याचे नाव ‘रेनबो रोड’, म्हणजे इंद्रधनुष्याची वाट. तेव्हापासून या मालिकेच्या प्रत्येक मुख्य खेळात ही वाट नव्याने रेखली गेली आहे, आणि प्रत्येक वेळी ती शेवटीच ठेवलेली आहे.

अंबडच्या एका दोन खोल्यांच्या घरात ही वाट आली ती मामाने परदेशातून आणलेल्या खेळण्याबरोबर. त्या घरातील नात अकरा वर्षांची. आजोबा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले. संध्याकाळी नात खेळे आणि आजोबा चहाचा कप हातात धरून पाहत बसत. त्यांना त्या टोपीवाल्या गडबड्या मंडळींत फारसा रस नव्हता. परंतु कोणतेही यंत्र चालू असले, की ते कसे चालते हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

इंद्रधनुष्याच्या वाटेवर त्यांची दृष्टी खिळली. महामार्गावरचा उड्डाणपूल नातीनेही पाहिलेला होता. त्यावरून जाताना दोन्ही अंगांस भिंत असते, म्हणून खालचे नाशिक भय न दाखविता नुसते सुंदर दिसते. या वाटेला भिंत नव्हती. रंगीत फरश्यांची एक पट्टी, तिच्या दोन्ही कडांना काळोख. तरीही नातीची गाडी एकदाही पडत नव्हती.

आजोबा आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी विचारले, “बाळ, त्या वळणावर तू गाडी वळवतेस, की गाडीच वळते?”

“मीच वळवते, आबा!” नात म्हणाली. पण तिचा आवाज थोडा उतरला होता.

आजोबांच्या प्रश्नात या वाटेचा सारा इतिहास सामावलेला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. कारण ही वाट तीस वर्षांत कशी बदलली, याची कथा म्हणजे बहुतांशी तिच्या कठड्याची कथा होय.

१९९२ च्या यंत्राची शक्ती बेताची होती. चढ, उतार, दरी, डोंगर असे खरेखुरे भूपृष्ठ त्यास उभे करता येत नसे. एक रंगविलेली सपाट चादर घ्यावी, ती खेळाडूच्या पायांखाली फिरवावी, जवळची बाजू मोठी व दूरची लहान करून दाखवावी, एवढी युक्ती त्यास साधत असे. सपाट चादरीवर भय कसे निर्माण करावयाचे? ती चादर मध्येच संपवून. म्हणून पहिल्या वाटेला कोठेच कठडा नव्हता. काटकोनी वळणे, वरून आदळणारे दगडी चेहऱ्याचे ठोकळे, आणि अशा पाच फेऱ्या. जो कडेवरून घसरे, त्यास ढगावर बसून येणारे एक कासव मासे धरण्याच्या गळाने उचलून पुन्हा वाटेवर ठेवी. तोवर इतर गाड्या पुढे निघून जात. यंत्राच्या दारिद्र्यातून इतकी कठोर आणि इतकी स्वच्छ रचना निघावी, हे नवल खरेच.

१९९६ साली नवे यंत्र आले. त्यास तिन्ही मिती अवगत होत्या. वाटेला चढ-उतार मिळाले, काळ्या आकाशात रंगीत दिव्यांनी रेखलेली चित्रे चमकू लागली, आणि वाट इतकी लांबली, की एका फेरीस सुमारे दोन मिनिटे लागत. परंतु त्याच वेळी तिच्या दोन्ही कडांना ताऱ्यांचा कठडा आला. सौंदर्य वाढले, भय ओसरले. सरळ सांगायचे, तर ती वाट थोडी कंटाळवाणी झाली. खेळाडूंना ते जाणवले असावे. कारण आरंभीच्या उतारावर जाणूनबुजून कठड्यापलीकडे उडी घ्यावयाची आणि कितीतरी खालच्या वळणावर जाऊन पडावयाचे, ही आडवाट त्यांच्यात पुढे फार प्रसिद्ध झाली. पडू नये म्हणून बांधलेला कठडा ओलांडून लोक आपण होऊन पडू लागले!

पुढची रूपे झपाट्याने आली. २००१ साली हातात धरावयाच्या लहान यंत्रावर ती पुन्हा सपाट झाली. २००३ साली दिव्यांनी लखलखणाऱ्या नगरावर तरंगली. २००५ साली तिने आकाशात उभी गिरकी घेतली. २००८ च्या वाटेचा बराच भाग पुन्हा उघडा होता आणि तिच्या खाली साक्षात पृथ्वी होती. पडणारी गाडी उल्केसारखी जळत जाई. २०११ मध्ये तीन फेऱ्यांची प्रथा मोडून आरंभापासून अंतापर्यंत एकच दीर्घ प्रवास झाला आणि त्यात चंद्रही लागला. २०१४ मध्ये वाट अंतराळस्थानकावरून गेली. त्याच वर्षी १९९६ ची जुनी वाट परत आली, तीही एकाच फेरीत आटोपणारी. आणि मागाहून १९९२ ची वाटही आली. हिची कड पूर्वीसारखीच उघडी राहिली. पण दगडी ठोकळे आदळताच सतरंजी झटकावी तशा तिच्या अंगावर लाटा उठू लागल्या. एके काळी केवळ चादर असलेल्या वाटेस ही लाट फार शोभते. २०२५ च्या खेळातही ही वाट आहे आणि तिचे शेवटचे स्थान अढळ आहे.

पण मधे, २०१७ साली, एक गोष्ट गुपचूप घडली होती. त्या वर्षीच्या आवृत्तीत रचनाकारांनी कठडा वाटेवरून उचलून गाडीत ठेवला. गाडीच्या मागे एक छोटीशी काडी दिसते. ती असली, म्हणजे गाडी कडेजवळ येताच आपोआप आत वळते. लहानांना व नवख्यांना घरच्यांबरोबर खेळता यावे, अशी ही सोय, आणि ती चांगलीच आहे. तीन-चार वर्षांच्या बालकाने काळोखात शंभर वेळा का पडावे?

नातीला ती काडी ठाऊक होती. आजोबांनाही ती दिसली होती. फक्त तिचा अर्थ त्यांनी आपल्या धंद्यातून लावला. लेथवर नवशिक्या पोराचे हत्यार फिरत्या चकवर जाऊन आदळू नये, म्हणून उस्ताद अडथळ्याचा एक ठोकळा बसवून देतो. तो ठोकळा किती दिवस ठेवावयाचा, हे मात्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. आजोबांचा ठोकळा त्यांच्या उस्तादाने एका सकाळी न सांगता काढून घेतला होता. त्या दिवशी त्यांच्या हातांना सुटलेला घाम त्यांना अजून आठवत असे.

त्यांनी नातीला काढ असे म्हटले नाही. पुढच्या रविवारी तिनेच ती काडी बंद केली आणि सर्वांत जुनी वाट निवडली. पहिल्याच वळणावर ती पडली. दुसऱ्यावर पडली. ठोकळ्याच्या लाटेने उडून पडली. तिने यंत्र बाजूस ठेवले, डोळे पुसले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत आली. तिसऱ्या फेरीत वळणापूर्वीच वेग सोडावा लागतो, हे तिच्या अंगठ्याला कळू लागले होते. बारा गाड्यांत तिची गाडी बारावी आली.

“आबा, शेवटची आले मी,” ती म्हणाली.

“पाहिले मी. शेवटच्या फेरीत दोनदाच पडलीस,” आजोबा म्हणाले. “आण, जरा मला दे.”

तिने यंत्र त्यांच्या हाती दिले, आणि त्यांच्यासाठी ती काडी पुन्हा लावावी म्हणून बोट पुढे केले.

“असू दे, तशीच राहू दे,” आजोबांनी तिचा हात हलकेच बाजूस सारला.

गाडी सुटली. चाळीस वर्षे लोखंडाला सुताएवढीही चूक होऊ न देणारे ते दोन अंगठे पहिल्या वळणापर्यंत ताठ राहिले, आणि त्यांची गाडी सरळ काळोखात गेली. नात हसून हसून लोळू लागली. वरून ढगावरचे कासव गळ घेऊन सावकाश खाली येत होते.