मुळ्याचा पाला

निवृत्त शाळामास्तराच्या हातीं खुरपें, झारी आणि मोकळा वेळ हीं तीन एकदम आलीं म्हणजे परसांतील मातीची धडगत राहत नाहीं. आमचेंही तसेंच झालें. ३६ वर्षें पोरांना संधि-समास शिकवून आम्ही घरीं बसलों आणि पहिल्याच हिवाळ्यांत विहिरीशेजारीं मुळ्याचा वाफा केला.

आमचें गांव कनेरगांव नाका. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यावरचें. एके काळीं इकडे निजामाचा मुलूख व तिकडे वऱ्हाड अशी सरहद्द होती. १९५६ सालीं मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यांत आले व ती सरहद्द मिटली. नाका हा शब्द मात्र गांवाच्या नांवास चिकटून राहिला. येथील जमीन काळी व चिकण. अशा जमिनींत मुळा सरळ उतरत नाहीं, त्यास फांटे फुटतात. म्हणून आम्ही वरंबे उंच केले, मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळलें आणि दसऱ्यानंतर बी टाकलें. येथवर सर्व यथाशास्त्र झालें. चूक झाली ती एवढीच कीं, सगळें बी एकाच दिवशीं टाकलें. आठ-दहा दिवसांच्या अंतरानें थोडें थोडें टाकावयाचें असतें, हें शेजारच्या शेतकऱ्यानें मागाहून सांगितलें. मुळा ४० ते ५० दिवसांत तयार होतो, आणि तयार झाल्यावर तो कोणासाठीं थांबत नाहीं. कंद जून होऊन आंतून भेंडाळतो. मार्गशीर्षाच्या आरंभीं साठ-सत्तर मुळे मातींतून डोकें वर काढून एकदम उभे राहिले, आणि घरांत खाणारीं माणसें नऊ!

मुळ्याशीं आमची ओळख होती ती पुस्तकांतली. 'उपदंश' म्हणजे जेवतांना एखादी वस्तु तोंडीं लावून चावणें. त्याविषयीं पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायांत एक सूत्र आहे, आणि सातव्या शतकांतील काशिकावृत्तीनें त्यास उदाहरण दिलें आहे तें मुळ्याचें, दुसरें आल्याचें. तो वृत्तिकार मुळा चावीत जेवावयास बसला आहे, असें चित्र आम्ही वर्गांत रंगवीत असूं व पोरें हंसत. चरकानें तर मुळ्याच्या अवस्थाही सांगितल्या आहेत: कोंवळा मुळा दोष हरण करणारा, जून तिन्ही दोष वाढविणारा, स्नेहांत शिजविलेला वातशामक आणि वाळविलेला कफ-वात जिंकणारा. हें सर्व आम्हांस मुखोद्गत होतें. मुळा चिरावा कसा, हें मात्र ठाऊक नव्हतें.

तें ठाऊक करून घेण्याची पाळी आली. आमच्या सौभाग्यवतींस दोन वर्षांपूर्वीं अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात गेला. दोन्ही सुना नोकरीच्या. सकाळीं साडेआठास घराबाहेर. तेव्हां स्वयंपाकघराच्या दारांत सौभाग्यवतींची खुर्ची, आंत आम्ही आणि आमच्यापुढें मुळ्यांची परात, अशी शाळा भरूं लागली. या शाळेंत विद्यार्थी आम्ही होतों.

पहिला धडा कोशिंबिरीचा. आम्ही मुळा किसला, वर मीठ घातलें आणि विजयी मुद्रेनें पाहिलें. थोड्याच वेळांत परातींत पाणीच पाणी!

"अहो, मीठ वाढायच्या वेळीं घालायचं. आतां पिळा तो कीस. आणि पाणी टाकूं नका, थालीपिठाचं पीठ त्यांत भिजवा."

त्या पाण्यांत ज्वारीचें पीठ, तिखट व ओवा घालून थालीपीठ झालें. पिळलेल्या किसांत दही, दाण्याचें कूट, कोथिंबीर व वरून हिंग-मोहरीची फोडणी पडली. मुळा आणि मोहरी एकाच कुळांतील. अखंड मुळ्यास वास नसतो. किसला कीं पेशी फुटतात, आंतील द्रव्यें एकत्र येतात आणि तो झणका उत्पन्न होतो. सालींत तो अधिक असतो. साल जरा जाड काढल्याबरोबर आमच्या धाकट्या नातवानें नाक मुरडणें सोडलें. दुसऱ्या दिवशीं चटका केला: हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटली, तींत मुळ्याचा कीस, हिरवी मिरची व लिंबू घालून वर फोडणी दिली.

तिसऱ्या दिवशीं आम्ही पाला गाईपुढें टाकण्यास उचलला, तेव्हां खुर्चींतून आवाज आला, "अहो, तो ठेवा. खरं खाणं तेंच आहे."

कोंवळा पाला बारीक चिरून, मीठ, तिखट, कच्चें तेल व दाण्याचें कूट लावून त्याचा घोळाणा करावा. जून पाला करडईच्या तेलाच्या फोडणींत भिजविलेल्या मुगाच्या डाळीबरोबर परतावा. झांकण आरंभीं ठेवूं नये, म्हणजे उग्र वास निघून जातो. पाल्यांत चुना व क जीवनसत्त्व कंदाहून पुष्कळच अधिक असतें, असें आजचें आहारशास्त्रही सांगतें.

"तुला पाला इतका आवडतो, हें कधीं बोलली नाहींस," आम्ही म्हणालों.

"आवडायचा प्रश्न कुठं होता? पहिली पंगत तुम्हां पुरुषांची आणि मुलांची. कोशिंबीर तिथंच संपायची. आम्ही सासवा-सुना बसायचों तेव्हां पाला उरलेला असायचा. जाऊबाई म्हणायच्या, उरलं तें आवडलं." आणि लगेच, "फोडणी जळतेय तुमची."

फोडणी खरोखरच जळली होती. ती टाकून आम्ही कढई पुन्हा चुलीवर ठेवली, पण चित्त ठिकाणावर नव्हतें. एकदां कोशिंबीर कमी वाढली म्हणून आम्ही भरल्या पंगतींत तिला बोललों होतों. ती आंत गेली आणि वाटी भरून घेऊन आली. ती कोणाच्या वाट्यांतून भरली, हें आम्ही विचारलें नव्हतें. पाल्यांत पोषण अधिक, तेव्हां बायकांचें बरेंच झालें, असें समर्थन एखादा करील. आम्ही तें करणार नाहीं. वाटणी करतेवेळीं पोषण कोणाच्याच मनांत नव्हतें; ज्यास मान त्यास कंद, एवढाच हिशेब होता.

माघांत मुळा वर्ज्य, असें जुन्या घरांतून पाळीत. तोंवर कंद भेंडाळलेला असतो, हें पाहतां त्यांत तथ्य दिसतें. आम्हीही तोंवर वाफा रिकामा केला. चार झाडें तेवढीं राखलीं. त्यांस पांढरीं-जांभळीं फुलें आलीं व मागून डिंगऱ्या धरल्या. या शेंगा कोंवळ्या असतांनाच तोडून, पीठ पेरून भाजी करावी. दोन दिवस उशीर झाला तर दोरा चघळावा लागतो.

आतां रात्रीं आमच्या घरीं सगळे एकदमच बसतात. वाढावयास आम्ही उठतों. पहिली कोशिंबीर सौभाग्यवतींच्या वाटींत पडते आणि पाल्याची भाजी पहिल्यानें आमच्या पानांत. पहिल्या दिवशीं त्यांनीं वाटीकडे पाहिलें, डाव्या हातानें एक घांस घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

आम्ही मीठ आणून दिलें. यंदाचें बी दहा-दहा दिवसांच्या अंतरानें टाकलें आहे.