पांढऱ्या दातांची गोष्ट

दात मुळात पांढरेशुभ्र नसतातच! वरचं आवरण (एनॅमल) बरंचसं अर्धपारदर्शक आणि त्याखालचं डेंटिन पिवळसर. आवरण झिजत जातं तसा आतला रंग जास्त दिसायला लागतो.

सध्या हे डोक्यात घोळतंय ते आमच्या भाचीमुळे. लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि साखरपुड्यात कुणी एक काकू बोलून गेल्या, "मुलगी छान आहे हो, दात तेवढे पिवळे." झालं! तेव्हापासून ही प्रत्येक फोटोत तोंड मिटून. रोज लिंबू-मीठ, शिवाय मधूनमधून कोळशाची पावडर. (आजीची राखुंडी आपण गावठी म्हणून टाकली, तीच आता महागड्या डबीत परत आली!)

म्हटलं, "अगं, लिंबाच्या आम्लानं आवरण मऊ पडतं, वरून मीठ घासलंस की झिजतं. आणि ते पुन्हा वाढत नाही."

"पण मावशी, फरक दिसतोय ना!"

दिसणारच. वरचे चहाचे डाग निघतात. पण पुढे आतला पिवळा उघडा पडणार, त्याचं काय?

शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कीड आणि हिरड्या तपासल्या. रंग खरोखर बदलतो तो पेरॉक्साइडनं. ते आवरणातून आत जाऊन रंगाचे कण फोडतं. घरी वापरायचं औषध म्हणजे 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात साधारण 3.5 टक्के. मापाच्या ट्रेमध्ये घालून रात्री लावायचं, दोनेक आठवडे. दात काही दिवस शिवशिवतात, मग थांबतं. ट्रे सैल असला तर मात्र औषध हिरड्यांना लागून त्या पोळतात. युरोपात तर 2012 पासून 0.1 टक्क्याच्या वरचं हायड्रोजन पेरॉक्साइड दंतवैद्याशिवाय मिळत नाही, आणि अठरा वर्षांखालच्यांना ते वापरायचंच नाही.

खरी मेख पुढेच होती. भाचीच्या समोरच्या एका दाताला कॅप आहे, शाळेत असताना सायकलवरून पडली होती. कॅपवर पेरॉक्साइड चालत नाही. बाकीचे दात उजळले की तोच एक पिवळा उठून दिसणार! म्हणजे आधी दात, मग रंग स्थिरावायला दोनेक आठवडे, मग जुळणारी नवी कॅप. खर्च वेगळा. ती अजून विचार करतेय.

नवऱ्या मुलाचेही दात पिवळेच आहेत बरं का. त्याला कुणी काही बोललेलं नाही.

असो. तिच्या बेसिनवरची लिंबं मी सरबताला उचलून आणली.