पोचपावती

विसरणं हा यंत्राचा दोष असतो, असं आपण धरून चालतो. मेल सर्व्हर सांभाळायला लागल्यापासून मला तसं वाटत नाही. काय खुशाल विसरायचं आणि काय जपायचं, हे ठरवणं हेच तिथलं निम्मं काम.

बाहेरून आलेला मेल थेट इनबॉक्समध्ये पडत नाही. आमच्याकडे तो आधी पोस्टफिक्स घेतो आणि डिस्कवरच्या रांगेत ठेवतो. मग अमाविस नावाचा तपासनीस तो उघडतो, जोडलेल्या फायली सुट्या करतो, झिप असेल तर तीही सोडवतो, क्लॅमएव्हीला व्हायरस शोधायला लावतो. हा सगळा पसारा एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडला जातो आणि थोड्याच वेळात पुसला जातो. सकाळी दहाला सगळी ऑफिसं एकदम जागी झाली की आमच्या जुन्या फिरत्या डिस्कला धाप लागायची.

उपाय जुनाच होता. २००१ साली आलेल्या लिनक्स २.४ पासून टीएमपीएफएस आहे: दिसायला साधं फोल्डर, पण वस्ती मेमरीत. मशीन बंद पडलं की कोरी पाटी. १६ जीबी रॅमपैकी २ जीबी मी अमाविसच्या फोल्डरला दिले. मर्यादा न घातल्यास ते निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतं, आणि त्याला एक खोडसाळ झिप पुरते. जागा संपलीच तर अमाविस ‘नंतर ये’ म्हणतो, मेल रांगेत थांबतो. डिस्कची धाप थांबली.

तेव्हा आमचे वरिष्ठ म्हणाले, “मग रांगपण मेमरीत टाक ना. अजून पळेल.”

पळाली असती. तरी मी नको म्हणालो.

एसएमटीपीत मेल घेणारा सर्व्हर शेवटी २५० हा आकडा सांगतो. त्याचा अर्थ नुसता ‘मिळाला’ असा नाही, ‘आता जबाबदारी माझी’ असा आहे. २००८ चा आरएफसी ५३२१ बजावतो, की असा स्वीकारलेला मेल मशीन कोसळण्यासारख्या फुटकळ कारणाने हरवता कामा नये. म्हणूनच पोस्टफिक्स मेल डिस्कवर उतरवून घेतो आणि मगच २५० म्हणतो. ते ऐकून पाठवणारा सर्व्हर आपल्या रांगेतली प्रत पुसतो. आता वाटेवरची एकच प्रत उरते, आमच्याकडची. ती मेमरीत असताना वीज गेली, तर पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, आणि घेणाऱ्याला काही येणार होतं हेच ठाऊक नसतं. परत आलेला मेल बरा, निदान कळतं तरी.

अमाविसचं तसं नाही. तपासलेला मेल पोस्टफिक्सने पुन्हा स्वीकारल्याशिवाय तो स्वतः २५० म्हणत नाही. मध्येच त्याची पाटी पुसली गेली तरी मूळ मेल रांगेत शाबूत असतो. फार तर एखादा मेल दोनदा येईल.

“असं वर्षातून कितीदा होणार?” वरिष्ठांनी विचारलं. त्यांचंही चूक नव्हतं, ग्राहकांचे फोन तेच घेत होते. मी म्हणालो, “एकदाच होईल कदाचित. पण कुणाचं काय गेलं, ते आपल्यालाही सांगता येणार नाही.”

माझे बाबा रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या वर्षानुवर्षं फाइलला लावून ठेवायचे. पत्र पोचलं नसताना तिच्यावर सही होऊ शकते, ही शंका त्यांना कधी आली नाही. २५० ही तशीच सही आहे. ती करणाऱ्याच्या हातात पत्र असायलाच हवं.

रांग डिस्कवरच राहिली. पुढच्या तिमाहीत तिच्यासाठी एसएसडी मंजूर झाली.