साथीला बसणारें यंत्र

गवयाची साथ करणें ही स्वतंत्र विद्या आहे, असें आपल्याकडील जाणते रसिक मानतात. आवाज नाजूक असेल तर तबलजीनें हात आवरावा, पेटीवाल्यानें पुढें धांवूं नये. साथीदाराची थोरवी जुळण्यांत असते. तबकडीवरील सुईच्या साथीला बसणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायरविषयीं मला हेंच म्हणावयाचें आहे.

खोबणींतून सुई फिरतांना कार्ट्रिजमध्यें उत्पन्न होणारी वीज फारच दुबळी. लोहचुंबक हालणाऱ्या जातीची ३ ते ६ मिलिव्होल्ट. वेटोळें हालणाऱ्या जातीची बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. जपानच्या एनएचके या नभोवाणी-संस्थेच्या सहकार्यानें सिद्ध झालेली डेनॉनची डीएल-१०३ अवघे ०.३ मिलिव्होल्ट देते. पहिलीला शंभरपट वाढ पुरते, दुसरीला हजारपट लागते. पहिलीला हजारपट दिली तर सूर फाटतो. दुसरीला शंभरपटीवर ठेवलें तर तंबोरा खरखरींत बुडतो. शिवाय कोरतांना दाबलेले खर्जाचे व उचललेले तारसप्तकाचे सूर १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या प्रमाणानें पूर्वपदावर आणणें, हेंहि याच यंत्राचें काम. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र तें प्रमाण लागू पडत नाहीं.

माझ्यापुढें प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. साठी उलटली आहे. उंच स्वर टिपण्याची कानांची शक्ति वयाबरोबर ओसरते. वडिलांनीं जमविलेल्या ख्याल-ठुमरीच्या तबकड्या नीट ऐकण्याचीं वर्षें आतां मोजकींच. निवृत्तिवेतनांतला पैसाहि बेताचाच. दुकानदार दोन्ही जातींना चालणारें, अनेक कळांचें यंत्र पुढें करीत होता.

मीं अगोदर कार्ट्रिजची प्रकृति पाहिली. माझी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ई. ती ४ मिलिव्होल्ट देते, तिला ४७,००० ओहमचा भार मानवतो आणि १०० ते २०० पिकोफॅरड कपॅसिटन्स चालते. या शेवटच्या आंकड्याकडे गिऱ्हाइकाचें सहसा लक्ष जात नाहीं. त्यांत तारेची व यंत्राची, दोन्ही मिळून बेरीज धरावी लागते. ती फार वाढली कीं वरचे स्वर प्रथम टोचूं लागतात आणि त्यापुढचे अकालीं मावळतात. माझ्या कानांना अजून लाभणारा वरचा प्रदेश नेमका तोच! माझ्या तारेचीच कपॅसिटन्स १०० च्या आसपास. म्हणून ५० पिकोफॅरडचें, एकाच जातीचें, साधें यंत्र मीं घेतलें.

आतां गाणें सुरू होण्यापूर्वीं जुळून आलेले दोन तंबोरे मला वेगळे ऐकूं येतात. वांचलेले पैसे मीं नव्या सुईसाठीं बाजूस ठेवले आहेत. सुई झिजते, आणि झिजलेली सुई खोबणी खरवडते. या तबकड्या माझ्यामागें मुलीकडे जातील. त्या तिला धड मिळाव्या, एवढें माझ्या हातीं आहे.