मसनदीवरचा कैदी

सीताबर्डीच्या बाजारातून वाट काढणाऱ्यास मान वर करून टेकडीकडे पाहण्याची सवड सहसा नसते. आणि पाहिलेच तरी लष्कराच्या ताब्यातील त्या किल्ल्याच्या तटापलीकडे नजर पोचत नाही. मला मात्र तो तट दिसला की लढाईपेक्षा लढाईनंतरचा तहनामाच आठवतो. 1817 च्या 26 आणि 27 नोव्हेंबरला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने, विशेषतः त्यांच्या अरब शिबंदीने, या टेकड्यांवर इंग्रजांचा जीव मेटाकुटीस आणला, तरी पारडे अखेर फिरलेच. डिसेंबरात अप्पासाहेब रेसिडेंट जेन्किन्सच्या स्वाधीन झाले, आणि पुढच्या जानेवारीत ज्या अटींवर त्यांस पुन्हा मसनदीवर बसविण्यात आले, त्यांत याच टेकड्यांवर इंग्रजांनी तटबंदी करावी हेही एक कलम होते. राजा वाड्यात, आणि त्यास मुक्त करणाऱ्यांच्या तोफा त्याच्या डोक्यावर!

मार्चच्या मध्यास त्यांस पुन्हा कैद झाली. किल्लेदारांस किल्ले सोडू नका असे गुप्त हुकूम धाडले, पळत्या पेशवे बाजीरावाशी संधान बांधले, असा त्यांजवर आरोप होता. हे फितूर मुळीच नव्हते असे म्हणण्याची माझी छाती नाही. आपल्याकडील अभिमानी मंडळी म्हणतात खरी, पण मग त्या माणसाच्या पदरी शौर्यही उरत नाही. मला खटकते ते निराळेच. फिर्यादी जेन्किन्स, पुरावा पारखणारा जेन्किन्स आणि कैद करणाराही जेन्किन्स.

पुढे अलाहाबादेस रवानगी होत असता, मे महिन्यात, जबलपूरच्या वाटेवर अप्पासाहेबांनी पहाऱ्यावरचे शिपाई फितविले, शिपायाचाच पोशाख अंगावर चढविला आणि पहारा बदलताना त्यांच्यातच मिसळून ते छावणीबाहेर पडले. बिछान्यावर राजाच्या जागी तेवढी उशी राहिली. तेथून महादेवाच्या डोंगरात गोंड, अरब, आणि चितू पेंढाऱ्याचे उरलेसुरले स्वार यांच्या बळावर त्यांनी जे बंड मांडले, ते निःसंशय खरे बंड होते. परंतु ते आरोपानंतरचे. दप्तरात मात्र नंतरची कृती आधीच्या संशयाची साक्ष होऊन बसते आणि दोहोंमधली कैद कोणाच्या हिशेबी धरली जात नाही.

ग्वांतानामोच्या अमेरिकन तुरुंगातून सुटलेल्या बंदींविषयी अमेरिकन सरकार जे अहवाल काढते, त्यांत पुन्हा लढ्यास मिळाल्याचे ‘निश्चित’ आणि तसा ‘संशय’ असे दोन वर्ग असतात, हे वाचताना मला जेन्किन्सचे दप्तर आठवते. अब्दुल्ला महसूद 2004 मध्ये सुटला आणि त्याच वर्षी त्याने पाकिस्तानात चिनी अभियंते पळविले, हे कोणी नाकारीत नाही. पण तेथील बहुतेक बंदींवर मुळात कसला खटलाच चालला नव्हता. तेव्हा ज्याचा पहिला अपराध शाबीत झाला नाही, तो आपल्या जुन्या मार्गास परत गेला हे ठरवावे कशावरून? आणि सुटल्यावर निमूटपणे संसारास लागलेल्यांची कथा विचारतो कोण? 1818 मध्येच इंग्रज सेनानी मालकमला शरण आलेल्या करीमखान पेंढाऱ्यास गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तेथे स्वस्थ राहिला. चितूचे नाव मात्र अजून पोरासोरांस ठाऊक आहे.

अप्पासाहेबांस शेवटी जोधपूरच्या मानसिंगांनी आसरा दिला. इंग्रजांनी मागणी केली तरी त्यांनी पाहुणा हवाली केला नाही, फक्त त्याच्या वर्तनाची हमी घेतली. आणि 1840 मध्ये अप्पासाहेब तेथेच वारले.