अहो, ती वीट नाहीच!

इंग्लंडमध्ये ससेक्सच्या लुईस गावात जुनी घरं बघत हिंडा. हाय स्ट्रीटवर एखाद्या घराची लाल दर्शनी भिंत समोर येते. एकसारखे थर, मधे चुन्याच्या दरजा, एक वीट लांब, एक आखूड. पक्कं विटांचं घर! आणि मग कोपऱ्यापाशी जा. जा ना! वीट वळतच नाही! सगळ्या ओळी एका उभ्या लाकडी पट्टीला येऊन थांबतात!

मी वास्तुकला शिकलेली नाही, पण हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. या आहेत मॅथेमॅटिकल टाइल्स. म्हणजे भाजलेल्या मातीची कौलंच! वरचा भाग पातळ, तो वरच्या ओळीखाली दडतो. खालचा जाड, नेमका विटेच्या तोंडाएवढा. आत जुनं लाकडी घर तसंच उभं! ओकचे खांब, तुळया, मधे काठ्या विणून मातीने लिंपलेल्या, आपल्या कोकणातल्यासारख्या कुडाच्या भिंती. अठराव्या शतकात विटांच्या घरांची टूम निघाली, पण चांगलं घर पाडायचं कशाला? मग सांगाड्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, आणि मग खालून वर एकेक ओळ खिळ्यांनी टांगली, आणि मग फटींत चुना भरला, आणि मग झालं की घर विटांचं! लांब कौलं वेगळी पाडलेली, आखूड वेगळी, म्हणजे रचनेतसुद्धा कुठे खोट निघायला नको! केवढी हौस!

वरचा मजला रस्त्यावर पुढे झुकलेला दिसला तर नक्की संशय घ्या. विटांची जड भिंत अधांतरी कशी राहील?

विटांवरचा कर चुकवायला हे केलं, असं हमखास सांगतात. पण 1784च्या त्याच कायद्याने कौलांवरही कर बसवला होता! आणि ही कौलं त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होती!

आणि कहर ऐका. राजकुमारी डायनाच्या माहेरचा ऑलथॉर्पचा वाडा मुळात खऱ्या लाल विटांचा. 1788च्या सुमारास वास्तुविशारद हेन्री हॉलंडने त्यालाच फिकट रंगाची ही कौलं चढवली. विटांवर विटांचं सोंग! ब्रायटनच्या रॉयल क्रेसेंटमधल्या घरांवर तर ती काळीभोर, काचेसारखी चकाकणारी! तिकडे जाल तेव्हा दारं-खिडक्या नंतर बघा, आधी कोपरे!